खराद क्लब आणि माझी सही

आमच्या बालाघाटच्या बँकेतली मुलगी वाईट नव्हती. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की तिनं माझा अपमान केला. तिच्यासमोर संगणकावर माझी जुनी सही होती आणि हातात मी नुकतीच केलेली. दोन्ही दोन वेगळ्या बायकांच्या दिसत होत्या. तिनं पुन्हा करायला लावली. ती तिसऱ्याच बाईची निघाली.

"अम्मा, ऐसा करो, अंगूठा लगवा लो," ती म्हणाली. "हर बार का झंझट खतम."

"मले लिहिता येते," मी म्हटलं.

"हाँ अम्मा, पर मिल नहीं रहा न."

होळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणातल्या रंगाच्या पाण्यावरून माझा पाय घसरला होता आणि उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर काढलं तेव्हा आतून जो हात निघाला तो कोणाचा तरी उसना आणल्यासारखा होता. बोटं अर्धीच मिटत. जाड वस्तू धरता येई, बारीक वस्तू निसटून जाई. पेन तर बोटांत थरथरत राही. डॉक्टरनं दाबायला रबराचा चेंडू दिला होता. तो मी आठ दिवस दाबला आणि मग शेजारच्या कुत्र्याला दिला. त्याला त्याचा उपयोग होता.

मुलीनं त्या दिवशी माझं काम चालवून घेतलं. पण अंगठ्याचा फॉर्म हातात देऊन म्हणाली, पुढच्या वेळी एकतर सही जुळली पाहिजे, नाहीतर हा भरून आणा. मी म्हटलं, पोळा झाल्यावर येईन. मध्ये दोन महिने होते.

घरी मुलानं फॉर्म पाहिला. "देऊन टाक ना आई अंगठा. काय फरक पडते? बाबाची पेन्शन तर तेवढीच भेटन."

त्याला फरक पडत नव्हता, कारण तो कॉलेजात शिकला. मी खैरलांजीकडच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकले. चौथीनंतर म्हशी राखायला माणूस नव्हता म्हणून शाळा सुटली. त्या चार वर्षांतलं मला आता फारसं काही आठवत नाही. पाढे बाराच्या पुढे येत नाहीत. पण माझं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, एका ओळीत, वर रेघ देऊन लिहिता येतं. सासरी आले तेव्हा रेशनच्या दुकानात सगळ्या बायका अंगठा देत. माझी सासूही देई. तिच्या अंगठ्याची शाई पिठाला लागायची आणि पहिली भाकरी निळसर निघायची. मी पहिल्यांदा सही केली तेव्हा दुकानदारानं मान वर करून पाहिलं. एवढीच माझी कमाई. ती मी रंगाच्या पाण्यावर घसरून घालवणार नव्हते.

पण हट्टानं हात सुधारत नाही. मुलाच्या जुन्या डायरीत मी रोज दुपारी सही करी. जून संपला, डायरी भरत आली, सही तशीच राहिली. पोळ्याही लाटता येईनात. बेलणं हातातून फिरण्याऐवजी हातच बेलण्यावरून घसरे. सुनेनं एके दिवशी माझ्या हातून ते काढून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही बसा." एवढंच म्हणाली, पण ते मला बँकेइतकंच लागलं.

म्हणून मी उस्तादाकडे गेले. आमच्या मागच्या गल्लीत राहतो. खाणीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर मशीनवर लोखंड कातलं. निवृत्त झाल्यावर त्याला करमेना. खाटांचे पाय करणारा एक कारागीर धंदा बंद करत होता, लोक आता तयार पलंग आणतात, त्याच्याकडून उस्तादानं खरादाची दोन मशीनं आणली. लाकूड मशीनवर गरगर फिरतं आणि आपण हत्यार धरून त्याला गोल करतो, एवढंच ते काम. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती मशीनं होती आणि बाहेर एका फळीवर लिहिलेलं होतं, खराद क्लब. ती फळी मुन्शीनं रंगवली होती. मुन्शी म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेला माणूस, माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा. आणखी दोघं-तिघं येत-जात असत, पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी न चुकता यायचे ते हे दोघं.

मी उस्तादाला म्हटलं, मला एक जाड बेलणं करून द्या.

"भाभी, ये दुकान नहीं है," तो म्हणाला. "क्लब है. बनाना है तो बैठो."

"या वयात?"

"लकड़ी उमर नहीं पूछती."

मुन्शी कोपऱ्यातून बोलला, "वहिनी, बसा. इथं कोणी कोणाची तब्येत विचारत नाही. एवढा एक नियम हाय."

तो नियम मला आवडला. गेले चार महिने जो भेटे तो आधी हाताकडे पाही. मी बसले.

उस्तादाचे खरे नियम वेगळे होते. पदर कमरेला खोचायचा. केस बांधायचे. डोळ्यांवर चष्मा. हातात काही घालायचं नाही. दुसऱ्या बायका बांगड्यांसाठी अडल्या असत्या. मी नवरा जायच्या आधीपासूनच घालत नाही, भांडी घासताना टोचतात.

पहिल्या दिवशी मी हत्यार असं आवळून धरलं की मशीननं ते हातातून उडवलं. उस्ताद ओरडला नाही. त्यानं मशीन बंद केलं, हत्यार उचललं आणि लोखंडी पट्टीवर टेकवून दाखवलं. "पकड़ो मत. टिकाओ. काम पट्टी करेगी, हाथ सिर्फ रास्ता दिखाएगा." हत्याराची मूठ चांगली मनगटाएवढी जाड होती. माझी अर्धी मिटलेली बोटं तिच्याभोवती बरोबर बसली. ढलप्या उडायला लागल्या. अंगावर, केसांत, पोलक्यात. घरी गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही लाकूड कातून आल्या का त्याच्यात लोळून?"

तिसऱ्या शुक्रवारी बेलणं झालं. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला त्याहून जाड. सुनेनं हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"हे बेलणं हाय का मुसळ?"

"पोळी लाटून दाखवू का?"

दाखवली. गोल आली नाही, पण फाटली नाही. सुनेनं ती तव्यावर टाकली आणि मुलाच्या ताटात वाढताना सांगितलं नाही की कोणी लाटली. त्यानं खाल्ली. मला तेवढं पुरे होतं.

आता क्लबाचे फायदे विचारतात लोक. मला विचाराल तर पहिला फायदा हा की घरातल्या माणसांना आठवड्यातून दोन दुपारी माझ्यापासून सुटका मिळते आणि मला त्यांच्यापासून. दुसरा हा की रात्री झोप लागते. तिसरा, भांडायला नवी माणसं मिळतात. मुन्शीशी मी इतकी भांडले की त्याच्या बायकोनं मला निरोप पाठवला, घरी आता फार शांत असतात, असंच चालू ठेवा. वीज गेली की मशीन बंद, मग चहा, मग भांडण. बालाघाटात पावसाळ्यात वीज भरपूर जाते.

आषाढ संपत आला तेव्हा क्लबानं ठरवलं की तान्ह्या पोळ्यासाठी बैल करायचे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे बैल चाकांवर ओढत गल्लीत मिरवतात. बाजारात मिळतात ते प्लास्टिकच्या चाकांचे. उस्ताद म्हणाला, गल्लीतल्या पोरांचे बैल आपण करू. धडं त्यानं आणि मुन्शीनं घेतली. चाकं माझ्याकडे आली, कारण चाक बिघडलं तर फार नुकसान नाही.

त्याच आठवड्यात वीजवाल्यांनी तारेखालचा कडुलिंब छाटला होता. रस्त्यावर मनगटाएवढ्या फांद्या पडल्या होत्या, फुकटात. मी ओढत आणल्या, मुन्शीकडून चकत्या कापून घेतल्या आणि दोन दिवसांत सोळा चाकं कातली. गुळगुळीत, गोल. मला स्वतःचं कौतुक वाटलं. आठ दिवसांनी पाहिलं तर सोळाच्या सोळा अंड्यासारखी झाली होती. एका बैलाला लावून ओढून पाहिलं. बैल दर पावलाला नमस्कार करत चालला.

मुन्शी इतका हसला की त्याला बाकावर बसावं लागलं. "वहिनी, ह्यो बैल पोळ्याले नाही, कोर्टात चालला. साहेबाले सलाम करून राह्यला."

उस्तादानं समजावलं. ओलं लाकूड कातलं की वाळताना ते आपल्या मर्जीनं आकसतं. आधी चकत्या वाळू द्यायच्या. किती दिवस? सावलीत सहा महिने. पोळा एका महिन्यावर होता. उन्हात टाकल्या तर तडकतात, आणि ऊन होतं कुठे.

मी घरी येऊन विचार केला. लाकडाचं मला काही कळत नाही, पण तांदळाचं कळतं. कच्चं सीताफळ आम्ही तांदळात ठेवतो. मोबाईल पाण्यात पडला तर पोरं तांदळात ठेवतात. तांदूळ ओल ओढतो, हळूहळू ओढतो, तडकवत नाही. स्वयंपाकघरात वर्षाच्या तांदळाची पत्र्याची कोठी होती. मी नव्या चकत्या कापून आणल्या, उरल्या त्याही घेतल्या, आणि सून बाजारात गेली असताना सगळ्या तांदळात खोल पुरल्या. कोणाला बोलले नाही.

बारा-तेरा दिवसांनी सुनेनं भातासाठी कोठीत डबा घातला आणि डब्यातून लाकूड निघालं. मग दुसरं. मग तिनं हात घातला.

"आई!"

मी अंगणातून म्हटलं, "काय झालं?"

"तांदळात लाकडं काहून हायत?"

"वाळून राह्यली."

"तांदळात?"

"कडुलिंब हाय. कीड लागू नये म्हणून तू तांदळात पाला टाकतेस ना? मग हे त्याचंच लाकूड हाय."

तिनं डबा भरून तांदूळ घेतला आणि लाकडं परत आत टाकली, पण जोरात टाकली. त्या दिवशी भात किंचित कडू लागला की काय, यावर घरात दोन मतं होती. मुलानं दोनदा वाढून घेतला, म्हणून माझं मत तिसरं आहे, भात जास्तच चांगला झाला होता. या पावसाळ्यात तांदळाला कीड लागली नाही, हे मात्र सुनेनं स्वतः शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं.

एकवीस दिवसांनी चकत्या काढल्या. चार तडकल्या होत्या. बाकीच्या खडखडीत. उस्तादानं एक उचलून नखानं टिचकी मारली, कानाशी धरली, आणि आपल्या घरून डबाभर तांदूळ मागवून आपल्या चकत्या त्यात पुरल्या. त्यानं तोंडानं कौतुक कधीच केलं नाही. मला ते तसंच बरं वाटलं.

चाकं कातली. कोणत्या बैलाला कोणती, हे कळावं म्हणून प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला आकडा लिहायचा होता. उस्तादाची पेन्सिल शिशाचा तुकडाच होती. सारखी हरवते म्हणून त्यानं ती एका मोडक्या हत्याराच्या मुठीत खोचून ठेवली होती. मी ती उचलली आणि एकेक चाकावर लिहीत गेले. एक, दोन, तीन. मग प्रत्येकाखाली पोराचं नाव.

मुन्शी बैलांना चाकं ठोकत होता. थांबला. "हे कोणं लिहिलं?"

"मी. काहून?"

"अक्षर तर सरळ हाय, वहिनी."

मी चाक त्याच्या हातून घेतलं. खरंच सरळ होतं. वर रेघही होती, न थरथरता ओढलेली. जन्मभर कोर्टात लोकांच्या सह्या पाहिलेला माणूस उगाच म्हणणार नाही. मी त्या जाड मुठीकडे पाहिलं. दोन महिने मी हाताला पेनाजोगतं करायला बघत होते. उलटं करून पाहायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"उस्ताद," मी म्हटलं, "मले असा पेन करून द्या."

"मैं बनाऊँगा तो मेरे हाथ के नाप का बनेगा," तो म्हणाला. "हाथ आपका है."

बैल तान्ह्या पोळ्याला धावले, चाकं गोल राहिली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझं चित्त पेनात होतं. बँकेत सांगितलेली मुदत आली होती.

पहिला पेन कडुलिंबाचा केला. लांबट तुकड्यात रिफिलसाठी आरपार भोक पाडायचं असतं. ते वाकडं गेलं आणि रिफिल पेनाच्या पोटातून बाहेर आली. दुसरा चांगला झाला, पण त्याचं लाकूड तांदळात पुरतं वाळलं नव्हतं. चौथ्या दिवशी उभा तडकला. मला घाई होती आणि लाकडाला नव्हती.

"बहुत पुरानी लकड़ी चाहिए," उस्ताद म्हणाला. "जिसको जितना हिलना था, हिल चुकी हो."

अशी लाकडाची वस्तू घरात एकच होती. सासूचं मुसळ. माझ्या खाटेखाली पडलेलं, काळं, वापरून गुळगुळीत. घरात आता कांडायला काही नसतं, सगळं पाकिटातून येतं. मी ते काखेत घेऊन निघाले तर मुलगा दारात उभा.

"आई, आजीचं मुसळ हाय ते!"

"मग?"

"आजीची आठवण हाय. कापते का कोणी?"

माझ्या सहीनं त्याला फरक पडत नव्हता. मुसळानं पडला. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीनं हे मुसळ घेऊन मला दोनदा अंगणाबाहेर काढलं होतं, तुला माहीत नाही. तो बाजूला झाला.

मुसळाचं एक टोक कापलं. ते लाकूड कशाचं यावर उस्ताद आणि मुन्शी आजही भांडतात. इतकं कडक की हत्याराला दोनदा धार लावावी लागली. मी घाई केली नाही. थोडं कातायचं, मशीन बंद करायचं, हातात धरून पाहायचं. अंगठ्याजवळ खळगा हवा होता, तो केला. शेवटची दोन बोटं मिटत नाहीत, त्यांच्यासाठी मागची बाजू फुगीर ठेवली. दोन मंगळवार आणि दोन शुक्रवार गेले. शेवटी जे झालं ते पेनासारखं दिसत नव्हतं. छोट्या वांग्यासारखं दिसत होतं. पण हातात घेतलं की हात त्याच्यावर बसून राही, थरथरायला जागाच उरत नसे. डायरीचं शेवटचं पान शिल्लक होतं. त्यावर सही केली. रेघ सरळ आली.

बँकेत मी एकटीच जाणार होते. मुन्शी म्हणाला त्याला पासबुक भरायचं आहे. उस्तादाला पासबुक नव्हतं, तो नुसताच आला आणि बाहेर ऑटोवाल्याशी बोलत उभा राहिला.

तीच मुलगी होती. तिनं ओळखलं. "फॉर्म लाई हो अम्मा?"

"हौ. पण आधी सही पाहा."

मी पिशवीतून वांगं काढलं. रांगेतली माणसं वाकून पाहायला लागली. मुन्शी त्यांना म्हणाला, "सरका, बाईले जागा द्या," जणू मी लाकूडच कातणार होते. मी सही केली. मुलीनं कागद संगणकाशेजारी धरला. बराच वेळ पाहिला.

"एक बार और करो."

केली.

"एक और."

तिसरी केली. ती तिन्हींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अम्मा, पुरानी वाली से तो नहीं मिलता."

मी पिशवीतला अंगठ्याचा फॉर्म चाचपला.

"पर ये तीनों एक जैसे हैं. बिलकुल एक जैसे." तिनं खणातून नवं कार्ड काढलं. "पुराना हटा देते हैं. इस पर कर दो, आगे से यही चलेगा."

कार्डावर तीन चौकोन होते. मी तीन सह्या केल्या. मागच्या वेळी तीन बायका निघाल्या होत्या. या वेळी एकच निघाली. जुनी नव्हे, पण लिहिता येणारी.

"ये पेन कहाँ से लिया?" मुलीनं विचारलं.

"घेतला नाही, केला."

बाहेर आल्यावर उस्तादानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, चाललं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला शुक्रवारी लवकर या, मशीनचा पट्टा बदलायचा आहे.

अंगठ्याचा फॉर्म मी परत केला नाही, तिनंही मागितला नाही. त्याची मागची बाजू कोरी होती. सुनेला आता आपल्या हाताच्या मापाचं बेलणं हवं आहे. माझं तिला जाड पडतं. तिचा पंजा मी त्या फॉर्मवर ठेवून माझ्या पेनानं भोवती रेघ ओढली आहे. उरलेलं मुसळ तेवढ्याला पुरेल.